भूगोलासाठी कला शाखा घेऊ का? दहावी झालेल्या एका विद्यार्थिनीस उत्तर

शिरोळ तालुक्यातील एका गावातून, नुकतीच दहावी झालेल्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. तिला ९२ टक्के गुण आहेत, गणितात ९१ आहेत, आणि भूगोल शिकायचा म्हणून अकरावीला कोल्हापुरात कला शाखेत प्रवेश घ्यावा असे तिच्या मनात आहे. शेती सांभाळून कृषी सेवा केंद्र चालवणारे वडील, पुण्यात अभियंता असलेले मामा आणि शिकवणीचे सर या तिघांचेही म्हणणे एकच आहे, की एवढे गुण मिळवून आर्ट्सला जाणे म्हणजे ते गुण पाण्यात घालणे. ‘माझे काही चुकते आहे का?’ असे तिने विचारले आहे. पत्राच्या शेवटी, जणू त्याला फारसे महत्त्व नाही अशा बेताने, तिने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. २०२१ च्या पुरानंतर दर पावसाळ्यात ती पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची रोजची पाणीपातळी, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयना आणि अलमट्टी धरणांतून किती विसर्ग चालू आहे, हे वर्तमानपत्रातून एका वहीत उतरवून ठेवते. ही वही घरात कोणी पाहिलेली नाही.

मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे भूगोल शिकवला आणि त्यातील बरीच वर्षे जून-जुलैमध्ये प्रवेश समितीच्या टेबलामागे बसलो. त्यामुळे ‘आवडीचे घे, बाकी सगळे आपोआप होते’ असे मी तुला सांगणार नाही. आवड म्हणून घेतलेला विषय दिवाळीच्या आत नकोसा झालेली मुले मी पाहिली आहेत, आणि घरच्यांनी लादलेल्या विज्ञान शाखेत नंतर मनापासून रमलेलीही पाहिली आहेत. म्हणून तुझ्या प्रश्नाआधी मला एक दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे तुला जे आवडते ते नेमके काय आहे.

पंधरा-सोळा वर्षांचे मूल ‘मला भूगोल आवडतो’ म्हणते तेव्हा पुष्कळदा त्याला भूगोलाचे शिक्षक आवडत असतात. कधी त्याला रसायनशास्त्राची भीती असते आणि त्या भीतीला ते दुसऱ्या विषयाची आवड असे नाव देते. कधी सहलीचे फोटो आणि ज्वालामुखीचे व्हिडिओ आवडतात. यात लबाडी कोणाचीच नसते, पण विषयाशी खरी गाठ पडते ती प्रात्यक्षिकाच्या खोलीत. बारावीच्या भूगोलाच्या १०० गुणांपैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. मी मात्र नेमलेल्या प्रात्यक्षिकांच्या जोडीला मुलांना टेबलावर १:५०,००० प्रमाणाचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा देत असे. कोल्हापूरचा परिसर ४७ एल या मालिकेत येतो. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून, टोक केलेल्या पेन्सिलीने दर २० मीटरची एकेक समोच्चता रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा, गिरवायची, मग पन्हाळ्याच्या बाजूने नदीपर्यंत एक सरळ रेषा ओढायची, ती जिथे जिथे समोच्चता रेषांना छेदते तिथली उंची टिपायची आणि त्यावरून जमिनीचा छेद काढायचा. पन्हाळ्याच्या कड्यापाशी रेषा इतक्या दाटीवाटीने येतात की मोजता मोजता डोळे चुरचुरतात. एक रेषा सुटली की पुढचा सगळा उतार खोटा निघतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अर्ध्या तासात वर्गातली निम्मी मुले घड्याळाकडे पाहू लागत. एक-दोन मुलांना मात्र डबा खायची सुट्टी झाल्याचेही कळत नसे. विषयाच्या सर्वांत कंटाळवाण्या कामात ज्याचे भान हरपते त्याची आवड मी खरी धरतो. इतक्या वर्षांत मला याहून खात्रीची दुसरी खूण सापडली नाही.

तू ही परीक्षा न सांगता दिलेली आहेस. रोज सकाळी वर्तमानपत्रातले आकडे वहीत उतरवण्यात गंमत अशी काही नाही, आणि पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीच्या खूप खाली असते त्या दिवशी तर मुळीच नाही. तरीही तू ते पावसाळ्यामागून पावसाळे करत आलीस. ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की गावातला प्रत्येक जण आकडे विचारतो. उघडिपीच्या दिवशीही ते लिहून ठेवणारे माणूस निराळे. तुझ्या आवडीबद्दल मला शंका नाही.

एक सावधगिरी मात्र बाळग. तुझ्या पत्रात नद्या, पाऊस आणि डोंगर आहेत, माणसे जवळजवळ नाहीत. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात तुला हवे ते बरेच मिळेल: भूहालचाली, विदारण, नदी-वाऱ्याचे कार्य, जगातील हवामान प्रदेश, हवामान बदल, आपत्ती व्यवस्थापन. बारावीचे पुस्तक उघडशील तर पहिली दोन प्रकरणे लोकसंख्येची आहेत, नंतर मानवी वस्ती आणि भूमी उपयोजन, मग प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक आर्थिक क्रिया, मग प्रादेशिक विकास. म्हणजे नदी आवडते म्हणून आलेल्या मुलाला दुसऱ्या वर्षी लोकसंख्या मनोरे काढावे लागतात. दर वर्षी दोन-चार जण या वळणावर रुसून बसत. दोन्ही पुस्तके बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी बारावीच्या पुस्तकातली कोणतीही दोन प्रकरणे सावकाश वाच. वाचून झाल्यावर आणखी पुढे वाचावेसे वाटते की पुस्तक मिटावेसे वाटते, ते प्रामाणिकपणे स्वतःला सांग.

आता सल्ला देणाऱ्या तिघांकडे वळू. त्यांना शत्रू समजू नकोस. तिघांच्या बोलण्यात खरे काय आणि भाबडे काय ते वेगळे काढायला हवे.

मामांचा मुद्दा बहुधा असा असेल की विज्ञान शाखेतून नंतर कुठेही जाता येते, कलेतून विज्ञानात येता येत नाही, म्हणून दार उघडे ठेवावे. यातला कलेतून विज्ञानात येता येत नाही हा भाग बिनचूक आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र नसेल तर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ ही परीक्षा देता येत नाही. भौतिकशास्त्र आणि गणिताविना अभियांत्रिकी नाही, बी.एस्सी. भौतिकशास्त्र नाही, एनडीएमधून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दल किंवा नौदल नाही. पुढे मन बदलले तर ते विषय घेऊन पुन्हा बारावीला बसण्यावाचून मार्ग उरत नाही. ही दारे बंद होतात हे स्वच्छ समजून घेऊनच ती बंद कर. उघडी राहतात तीही कमी नाहीत: पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, सनदी लेखापालाची (सीएची) फाउंडेशन परीक्षा, पदवीनंतरची संघ आणि राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा, एनडीएमधून भूदल, जिथे २०२१ पासून मुलींनाही परीक्षा देता येते. यांपैकी कशालाही बारावीच्या शाखेची अट नाही.

परंतु ‘दार उघडे ठेवणे’ या कल्पनेत एक गफलत आहे, आणि ती प्रवेशाच्या टेबलावर बसल्याशिवाय दिसत नाही. मन नसताना भौतिकशास्त्र घेऊन बारावीला ५५ टक्क्यांवर आलेल्या मुलासाठी दार कागदावर उघडे असते. राजारामपुरीतल्या क्लासला लाखाच्या घरातली फी भरून, सकाळी सहाला घर सोडून, दोन वर्षे रोज नापसंत काम करून शेवटी ती मुले बी.ए.च्या प्रवेशासाठी माझ्याच टेबलासमोर येऊन उभी राहत, आणि त्यांच्या हातातला दहावीचा कागद बारावीच्या कागदापेक्षा कितीतरी चांगला असे. त्यांच्या वडिलांनी फी भरण्यात कसूर केलेली नसे. दोन वर्षांत मुलाचा स्वतःवरचा विश्वास किती खर्ची पडला याचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नसे.

तुझ्या बाबतीत असेच होईल असे मी म्हणत नाही. गणितात ९१ गुण मिळवणारी मुलगी विज्ञान शाखेतही चांगली टिकेल. म्हणूनच तुझा निर्णय सोपा नाही; तुला खरोखर काहीतरी सोडावे लागणार आहे.

इथे माझा स्वतःचा किस्सा सांगणे भाग आहे, कारण मी जे सांगणार आहे त्याची किंमत मी मोजलेली आहे. माझे वडील उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्न मेकर होते. लाकडात पॅटर्न, म्हणजे ओतायच्या तुकड्याचा नमुना, करायचा तो ओतीव तुकड्यापेक्षा किंचित मोठा, कारण लोखंड थंड होताना आकसते. किती मोठा, याचे गणित ते चौथी शिकलेले गृहस्थ मनातल्या मनात करत. मी भूगोल घेतो म्हटल्यावर ते म्हणाले, ‘‘भूगोलानं लोखंड वितळत नाही. डिप्लोमा कर.’’ मी ऐकले नाही. महिनाभर घरात अबोला होता. शेवटी, अर्ज भरायच्या आदल्या रात्री, ते जेवता जेवता एवढेच म्हणाले, ‘‘बरं, जा आर्ट्सला, पण निदान हिशेबाचा एक विषय तरी ठेव.’’ मला वाटले, हे हरलेल्या माणसाचे शेवटचे बोलणे आहे. मी तेही ऐकले नाही आणि गणिताला कायमचा रामराम ठोकला.

एम.ए.ला आल्यावर संख्याशास्त्रीय पद्धतींचा पेपर समोर आला. प्रमाण विचलन, सहसंबंध, समाश्रयण. पर्जन्यमानाची तीस वर्षांची आकडेवारी दिली आहे, त्यावरून पावसाची अनिश्चितता काढा, असा प्रश्न असे. ज्या विषयासाठी मी वडिलांशी महिनाभर बोललो नव्हतो तो विषय आता माझ्याशी आकड्यांत बोलत होता आणि मला त्याची भाषा येत नव्हती. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या बी.एस्सी.च्या मुलाकडे रात्री जाऊन मी ते शिकलो. पेपर सुटला, पण पुढे नकाशाशास्त्र संगणकावर गेले, उपग्रहाच्या प्रतिमा आल्या, भौगोलिक माहिती प्रणाली आली, तेव्हा प्रत्येक वेळी मी दोन पावले मागेच होतो. भूगोल घेतल्याचा मला एक दिवसही पश्चात्ताप झाला नाही. गणित टाकल्याचा आजही होतो. वडिलांचा सल्ला एकूण चुकीचा होता, आणि त्यातले एक वाक्य अगदी बरोबर होते. मी वाक्य आणि सल्ला एकाच गाठोड्यात बांधून फेकून दिले.

म्हणून तुला माझे सांगणे असे, की भूगोल घे, कला शाखेतच घे, पण गणित सोडू नकोस. कला शाखेत गणित कसले, असे तुला शिकवणीत सांगतील. राज्य मंडळाच्या त्या पुस्तकाचे नावच ‘गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)’ असे आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला ते वैकल्पिक विषय म्हणून घेता येते. अडचण एवढीच की विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून फार थोडी महाविद्यालये कला शाखेसाठी ते शिकवतात. भूगोल, गणित आणि अर्थशास्त्र अशी सांगड मिळाली तर याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही. तुझ्या वहीतले आकडेच बघ ना. कोयनेचा विसर्ग वाढल्यापासून किती तासांनी शिरोळकडे कृष्णेचे पाणी चढते, त्याच वेळी पंचगंगेला फुगवटा असेल तर नृसिंहवाडीच्या संगमाजवळ काय होते, असे प्रश्न तुझ्या डोक्यात आले असणारच. त्यांची उत्तरे ज्या आलेखांतून आणि सूत्रांतून निघतात त्यांचा पाया गणिताच्या पुस्तकात आहे.

याच्या उलट बाजूची वाटही आहे. मंडळाच्या योजनेत विज्ञान शाखेतही भूगोल हा विषय घेता येतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि भूगोल असे विषय देणारे महाविद्यालय तुझ्या आवाक्यात असेल आणि भौतिकशास्त्राचा तुला खरोखर कंटाळा नसेल, तर तिचा विचार जरूर कर; उपग्रह प्रतिमांच्या अभ्यासात भौतिकशास्त्र कामी येते, आणि मामांचे दारही उघडे राहते. पण ‘आधी सायन्सला तर घालू, भूगोलाचे मग बघू’ या बोलीवर जाऊ नकोस. ते ‘मग’ येत नाही. वेळापत्रकात बसत नाही म्हणून भूगोल पहिल्या आठवड्यातच गळतो आणि त्या जागी दुसरा विषय येतो.

नोकरीबद्दल तुझ्या वडिलांना गोड बोलून फसवायचे नाही. भूगोल घेऊन शिक्षक किंवा प्राध्यापक व्हायचे असेल तर वाट लांब आहे: शाळेसाठी बी.एड., टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि शिक्षक अभियोग्यता चाचणी, महाविद्यालयासाठी एम.ए. किंवा एम.एस्सी.नंतर नेट अथवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. त्यानंतरही अनेक जण वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर काम करतात. केवळ त्या भरवशावर मी कोणालाच हा विषय घ्यायला सांगत नाही. नकाशे आणि भौगोलिक माहितीच्या कामाचे चित्र निराळे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतीय संस्थांना नकाशे व भूस्थानिक माहिती तयार करण्यावरची बंधने बरीच सैल केली. पीक विमा, रस्ते, पाणीपुरवठा, नगररचना, पूररेषा या सगळ्यांना आता नकाशा लागतो आणि तो संगणकावर करणारे माणूस लागते. देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून याच क्षेत्रातले शिक्षण देत आली आहे. तिथे पोहोचायचे तर पदव्युत्तर शिक्षणापर्यंत जावे लागेल, म्हणजे आजपासून किमान सात वर्षे. अभियंत्याला बारावीनंतर चार वर्षांनी, म्हणजे आजपासून सहा वर्षांनी, पगार सुरू होतो, हा मामांचा मुद्दा तिथे खरा ठरतो. तो नाकारू नकोस.

कोल्हापुरात आवडीचा विषय निघाला की कोणीतरी बाबूराव पेंटरांचे नाव काढतोच. सिनेमाच्या वेडापायी त्यांनी कॅमेरासुद्धा इथेच घडवला आणि १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, मग तुम्ही का भिता, वगैरे. असले दाखले वडिलांसमोर देऊ नकोस. घरातल्या माणसाला मोठ्या माणसाचे उदाहरण दिले की तो एकच उत्तर देतो, ‘ते बाबूराव पेंटर होते’, आणि संभाषण तिथेच संपते. शिवाय ते मिस्त्री घराण्यातले होते, हातात कारागिरी होती. नुसत्या वेडावर कॅमेरा होत नाही, हे दाखला देणारा विसरतो.

वडिलांशी बोलायचे तर त्यांची भीती कशाची आहे ते आधी विचार. पैशाची, नोकरीची, मुलगी शहरात एकटी राहण्याची, की भावकीत काय म्हणतील याची? या प्रत्येक भीतीचे उत्तर वेगळे आहे. सगळ्यांना मिळून ‘पण मला आवडते’ हे एकच उत्तर दिलेस तर ते हट्टासारखे ऐकू येईल. त्यांच्यापुढे ती वही ठेव. ऊस कधी पाण्याखाली जातो आणि किती दिवस राहिला की कुजतो हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. बंधाऱ्याच्या पातळीच्या नोंदी पाहताना त्यांना त्यात आपले शेत दिसेल, आणि मुलगी कशाच्या मागे आहे ते माझ्या दहा पत्रांपेक्षा त्या पानांवरून लवकर कळेल. जोडीला त्यांना एक मुदतही दे. अकरावीच्या प्रथम सत्र परीक्षेत भूगोल आणि गणित या दोन्ही विषयांत आपण मिळून ठरवलेले गुण पडले नाहीत, तर पुढचा विचार पुन्हा एकत्र बसून करू, असे आपणहून सांग. मुदत घालून मागितलेली परवानगी सहसा मिळते, हा माझा अनुभव आहे.

लोक काय म्हणतील, हेही तू विचारले आहेस. पहिल्या दिवाळीत म्हणतील. दुसऱ्या दिवाळीपर्यंत त्यांना दुसऱ्या कोणाचा तरी निकाल मिळालेला असतो.

शेवटी प्रवेशाचे व्यवहारी बघ. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेतून होतात. नियमित फेरीसाठी दहापर्यंत पसंतिक्रम देता येतात, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. अर्जात महाविद्यालय आणि शाखा निवडता येते, पण त्या शाखेत तुला हवे ते तीन विषय एका वेळापत्रकात बसतात की नाही हे अर्जावरून कळत नाही. त्यामुळे पसंतिक्रम भरण्याआधी वडिलांना घेऊन एक दिवस कोल्हापूरला ये आणि मनात असलेल्या तिन्ही-चारही महाविद्यालयांच्या कार्यालयात खिडकीवर जाऊन विचार: कला शाखेला गणित आहे का, गेल्या वर्षी किती मुलांनी घेतले, त्याचा तास भूगोलाच्या तासावर तर येत नाही ना. खिडकीवरच्या माणसाने ‘बघू, नंतर करून देऊ’ म्हटले तर ते उत्तर नाही असे समज. मग भूगोलाच्या शिक्षकांना गाठून प्रात्यक्षिकाची खोली उघडून दाखवायची विनंती कर. कपाटात टोपोशीटच्या, म्हणजे त्या स्थलनिर्देशक नकाशांच्या, गुंडाळ्या आहेत का, त्यांवर धूळ किती आहे, टेबलाला ट्रेसिंगसाठी काच आहे का, एवढे पाहिलेस तरी त्या महाविद्यालयात भूगोल कसा शिकवला जातो ते तुला कळेल, आणि तुझ्याबरोबर आलेल्या वडिलांनाही.